सोलापुरातून एम.एस्सी. फिजिक्स करून रिसर्चला जायचंय. इथेच थांबू की बाहेर पडू?

अक्कलकोट_रोड
नमस्कार मंडळी. टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, फिजिक्स. कॉलेज सोलापुरातलंच. वडील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, आहेत, आई विड्या वळते. मार्कांची अडचण नाही. अडचण ही आहे की मला पुढे संशोधन करायचंय आणि संशोधन करणारा माणूस आमच्या ओळखीत एकही नाही. नातेवाईक म्हणतात बी.एड. कर, मित्र म्हणतात एमपीएससी.

माझ्यापुढे तीन वाटा दिसतायत. केगावला विद्यापीठात एम.एस्सी., नाहीतर जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी किंवा आयसर (केंद्राची विज्ञान संशोधन संस्था), नाहीतर नवीन धोरणाप्रमाणे बी.एस्सी.चं चौथं वर्ष 'रिसर्च'सह करायचं आणि मग एक वर्षाचं एम.एस्सी. पुण्याला रूम आणि मेसचा खर्च घरच्यांना झेपणारा नाही, हे आधीच सांगतो. कुणी या वाटेनं गेलंय का? आणि 'रिसर्च ओरिएंटेड एम.एस्सी.' म्हणतात त्यात दिवसभर नेमकं करतात काय?

कडक_भाकरी
काय बे, सगळे सोलापूर सोडून जाऊलालेत आणि हा इथं थांबू का म्हणून विचारलालाय. पहिल्यांदा असा माणूस बघलालो. लई बरं वाटलं.

केगाव_माजी
मी केगावहून एम.एस्सी. केलं, मटेरियल्सकडचं. आता दुसऱ्या राज्यात पीएच.डी. करतोय. त्यामुळे दिवसभर काय करतात ते सांगतो, बाकीचं इतर लोक सांगतीलच.

राज्यातल्या विद्यापीठांत आता एम.एस्सी. ८८ क्रेडिटचं आहे. पहिल्या सेमिस्टरला रिसर्च मेथडॉलॉजीचे ४, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टचे ४, तिसऱ्यात रिसर्च प्रोजेक्ट ४ आणि चौथ्यात ६. म्हणजे कागदावर संशोधन सगळीकडेच आहे. पण हे क्रेडिट काही ठिकाणी खरोखर हात काळे करून मिळतात आणि काही ठिकाणी मागच्या वर्षीच्या रिपोर्टचं कव्हर बदलून. कोर्सचं नाव वाचून यातला फरक कळत नाही.

आपल्याकडे, म्हणजे सोलापूर-कोल्हापूर पट्ट्यात, पातळ थरांचं काम जुनं आहे. केगावचं विद्यापीठ २००४ चं, त्याआधी तिथे शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, त्यामुळे ही परंपरा तिकडून आलेली. यातल्या बऱ्याच पद्धतींना कोट्यवधींची मशिनरी लागत नाही. सिलार ही पद्धत घे. काचेची पट्टी झिंकच्या अमोनियायुक्त द्रावणात बुडवायची, काही सेकंद थांबायचं, उचलून उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यात बुडवायची, मग साध्या पाण्यात खंगाळायची. पुन्हा तेच. अशी आवर्तनं करत गेलं की काचेवर दुधट थर धरायला लागतो. तो भट्टीत तापवायचा, मग एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासणं), यूव्ही-व्हिस (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणं), जमलं तर एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक). ऐकायला सोपं आहे. पण चाळीस आवर्तनांनंतर थर एका कोपऱ्यातून सोलून निघतो आणि का निघाला हे कुणालाच माहीत नसतं, तेव्हा खरं काम चालू होतं. काच नीट धुतली नव्हती का, अमोनिया उडून पीएच उतरला का, पाणी बदललं म्हणून झालं का. (पाण्याचा विषय निघालाच आहे तर, सोलापुरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे सगळ्यांना ठाऊक. डिस्टिल्ड पाण्याचे कॅन भरून ठेवायची सवय मला तिथेच लागली.)

म्हणून फी भरायच्या आधी विभागात जा आणि गेल्या एकदोन वर्षांतले एम.एस्सी.चे प्रोजेक्ट रिपोर्ट बघायला माग. दाखवले नाहीत तर तेच उत्तर समज. दाखवले तर आलेखांवर एरर बार, म्हणजे मोजमाप किती मागेपुढे होऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेघा, आहेत का बघ. एकच सॅम्पल मोजलंय की तेच सॅम्पल पुन्हा बनवून परत मोजलंय तेही बघ. मग तिथल्या मुलांना गाठून विचार की एक्सआरडीला स्वतः सॅम्पल लावता की बाहेर पाठवून पीडीएफ येते. बाहेर पाठवण्यात वाईट काही नाही, पण निकाल यायला महिना लागत असेल तर सहा महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये तुझ्या हाती फार तर चार-पाच संधी. मी एका ठिकाणी, नाव घेत नाही, असा प्रोजेक्ट पाहिलाय की विद्यार्थ्याला आपलं सॅम्पल कुठल्या रंगाचं होतं हे सांगता आलं नाही.

नवी_पेठ_७
भावना दुखावण्याचा हेतू नाही, पण घरची परिस्थिती अशी असताना पाच-सात वर्षं रिसर्चच्या नादी लागणं परवडतं का? बी.एड. करून ठेव, हात रिकामा राहत नाही.

पूर्वा_बार्शीकर
@नवी_पेठ_७ मुद्दा खोटा नाही, पण अर्धा आहे. फिजिक्समध्ये पीएच.डी.ला विद्यार्थी पैसे भरत नाही, त्याला मिळतात. सीएसआयआर नेट ही परीक्षा पास होऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, लागली तर महिना ३७,००० आणि वर एचआरए, दोन वर्षांनी ४२,०००. हा दर जानेवारी २०२३ पासूनचा आहे. प्रश्न मधल्या दोन वर्षांचा आहे, एम.एस्सी.च्या. तिथे इंटिग्रेटेड पीएच.डी.चा विचार कर. बी.एस्सी.नंतर थेट प्रवेश, एम.एस्सी. वाटेत मिळते आणि फेलोशिप चालू असते. बंगळुरूची आयआयएससी, पुण्याचं आयसर, मुंबईची टीआयएफआर या संशोधन संस्थांकडे ही सोय आहे. पुण्याला रूमचा खर्च झेपत नाही म्हणून पुणं रद्द असं गणित मांडू नकोस. फेलोशिप आणि हॉस्टेल धरून ते पुन्हा मांड.

आता परीक्षा. जॅमचा पेपर १०० मार्कांचा, ६० प्रश्न, तीन तास. त्यात ५० मार्क साध्या बहुपर्यायी प्रश्नांना आणि निगेटिव्ह फक्त तिथेच. २० मार्कांचे प्रश्न असे की एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, आणि ३० मार्कांत पर्यायच नसतात, आकडा काढून टाइप करायचा. आपल्याकडची मुलं अडकतात ती या शेवटच्या तीसमध्ये, कारण विद्यापीठाच्या पेपरला 'डिराइव्ह' येतं आणि पाठ करून भागतं. परीक्षा फेब्रुवारीत असते, पण फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच निघतात. दिवाळीनंतर बघू म्हणणारी निम्मी मुलं तिथेच गळतात. टीआयएफआरची परीक्षा साधारण डिसेंबरात. जेस्ट ही फिजिक्सच्या पीएच.डी. प्रवेशाची परीक्षा वेगळी. सगळ्या भरू नकोस, दोन भर.

मी थिअरीकडे आहे, त्यामुळे माझा कल सांगून टाकते: गणित. लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन, फूरिए. हे तीन पक्के असतील तर क्वांटम अर्धं झालं. इंग्रजीची भीती असेल तर आयआयटी मद्रासच्या प्रा. व्ही. बालकृष्णन यांची एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरची व्याख्यानं लाव. फुकट आहेत आणि फळ्यावर खडूनं शिकवतात, स्लाइड नाहीत. व्हिडिओ थांबवून पुढची ओळ आधी स्वतः लिहायची, मग बघायचं.

अक्कलकोट_रोड
ताई, खूप धन्यवाद. एचआरए धरून मिळतं हे माहीतच नव्हतं. घरी आज हाच आकडा सांगितला, वडील म्हणाले शिकायचे पैसे देतात म्हणजे काहीतरी गडबड आहे.

केगाव_माजी दादा, मी विभागात जाऊन रिपोर्ट मागू शकतो का? मी तर अजून तिथला विद्यार्थीपण नाही.

केगाव_माजी
बिनधास्त जा. आधी एक ईमेल टाक, चार ओळींची. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी पॅशनेट' वगैरे काही नको. मी अमुक कॉलेजात, अमुक वर्षाला, तुमचा अमुक विषयावरचा पेपर वाचायचा प्रयत्न केला, त्यातली ही आकृती कळली नाही, भेटायला येऊ का. बस्स. एसटी स्टँडवरून केगावला जायला वेळ तो काय लागतो!

निवृत्त_मास्तर
जुळे सोलापुरातून लिहितो आहे. तीसेक वर्षं फिजिक्स शिकवलं. केगाव_माजी यांनी एरर बारचा मुद्दा काढला म्हणून राहवलं नाही.

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला मी एक प्रश्न हमखास विचारायचो. एक्सआरडीच्या शिखराच्या रुंदीवरून क्रिस्टलाइटचा, म्हणजे एकसंध स्फटिकाच्या कणाचा, आकार काढतात, शेररचं सूत्र: ०.९ गुणिले तरंगलांबी, भागिले बीटा कॉस थीटा. तरंगलांबी तांब्याच्या के-अल्फाची, ०.१५४०६ नॅनोमीटर. झिंक ऑक्साईडचं मोठं शिखर येतं टू-थीटा ३६.२ अंशांच्या आसपास. समजा रुंदी ०.४ अंश आहे. अंशाचे रेडियन केले तर आकार येतो साधारण २१ नॅनोमीटर. रेडियन करायचं राहिलं तर येतो ०.३६. झिंक ऑक्साईडच्या युनिट सेलची, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वात लहान पेटीची, उंचीच ०.५२ नॅनोमीटर आहे! म्हणजे एका खोलीपेक्षा घर लहान निघालं. हा ०.३६ मी छापील, बांधलेल्या, सोनेरी अक्षरांच्या रिपोर्टात बघितला आहे. त्यावर सही होती.

रेडियन केले तरी काम संपत नाही. त्या रुंदीत यंत्राची स्वतःची रुंदी मिसळलेली असते, ती प्रमाणित नमुना लावून वजा करावी लागते. आणि एसईएममध्ये दिसणारा दाणा दोनशे नॅनोमीटरचा असेल तर गोंधळून जायचं कारण नाही, एका दाण्यात अनेक क्रिस्टलाइट असतात. टॉक प्लॉट, म्हणजे प्रकाशाच्या शोषणावरून पदार्थाचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) काढायचा आलेख, त्याचंही तेच. सरळ रेष कुठून कुठपर्यंत धरायची हे आपल्या हातात, त्यामुळे बँड गॅप ३.२ हवा तर ३.२ येतो, ३.३ हवा तर ३.३. कोणता हवा हे पुस्तकात बघून रेष मारणारे पुष्कळ.

चिरंजीव, तुमचे वडील जॉबर आहेत म्हणालात. म्हणजे घरी काउंटिंग ग्लास, धागे मोजायचं भिंग, असेल. एक काम करा. कारखान्यातून किंवा बाजारातून बारीक विणीचं पातळ सुती कापड आणा, टॉवेल चालायचा नाही. खोली अंधारी करा, लाल लेझर पॉइंटर कापडातून तीन मीटरवरच्या भिंतीवर पाडा. डोळ्यात जाऊ देऊ नका. ठिपक्यांची फुली दिसेल. ठिपक्यांतलं अंतर मोजून इंचाला धागे किती ते काढा, मग वडिलांना काउंटिंग ग्लासनं मोजायला सांगा. दोन्ही आकडे इथे लिहा. जुळले नाहीत तर जास्त बरं.

कडक_भाकरी
मास्तर, तुमच्या वर्गात आम्ही पास कसे झालो असतो काय की.

ढगफोडे
थोडं अवांतर, पण विषयाला धरून. 'रिसर्च म्हणजे बंद लॅब' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेनं कृत्रिम पावसाचा प्रयोग केला तो आपल्या सोलापुरातच, त्यांच्या कायपीक्स प्रकल्पाचा चौथा टप्पा. आपण पर्जन्यछायेत आहोत म्हणूनच जागा निवडली. गावात तेव्हा चर्चा एवढीच की विमान उडालं, पाऊस कुठाय. प्रयोगाची खरी गंमत मांडणीत होती. बीजारोपण करण्याजोगे ढग निवडायचे, मग चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं की यात क्षाराचे कण सोडायचे आणि यात नाही. न सोडलेल्या ढगांशी तुलना केल्याशिवाय पाऊस तुमच्यामुळे पडला की पडणारच होता हे सांगता येत नाही. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत वाढ, १०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर सरासरी १८ टक्के. वातावरणशास्त्र हाही फिजिक्सवाल्यांना खुला रस्ता आहे, तिकडे आपली मुलं फारशी वळत नाहीत.

पूर्वा_बार्शीकर
चौथ्या वर्षाबद्दल कुणीच बोललं नाही. युजीसीच्या नियमानं चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली तर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, आणि चार वर्षांवाल्याला एम.एस्सी. एका वर्षाची. वर्षं तेवढीच, पण चौथं वर्ष 'रिसर्च'सह करायला पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात.

केगाव_माजी
माझं मत विरुद्ध आहे. कॉलेजात पीएच.डी.चे विद्यार्थी, चालू उपकरणं आणि रिकामा वेळ असलेला मार्गदर्शक नसेल तर चौथं वर्ष म्हणजे टी.वाय.चाच विस्तार. दोन वर्षांच्या एम.एस्सी.त निदान माणसं बदलतात.

पूर्वा_बार्शीकर
सरसकट नाही म्हणता येणार. आमच्या ग्रुपमध्ये चार वर्षांची पदवी करून आलेली एक मुलगी आहे. कोडिंग आणि डेटा हाताळणं तिला आमच्यापेक्षा चांगलं येतं, अडते ती स्टॅट मेकमध्ये (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स), कारण एम.एस्सी.चे कोअर पेपर झालेलेच नाहीत. ज्याला थिअरीकडे जायचंय त्यानं दोन वर्षांचं एम.एस्सी. टाळू नये, इथपर्यंत मी तुझ्याशी सहमत.

केगाव_माजी
चला, इथपर्यंत तरी आलो.

विडी_घरकुल
ताई, उन्हाळ्यातल्या फेलोशिपबद्दल पण सांगा ना. मी एस.वाय.ला आहे.

पूर्वा_बार्शीकर
तीन विज्ञान अकादमींची मिळून समर फेलोशिप असते, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे जाऊन काम. तशीच टीआयएफआरची व्हीएसआरपी, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा व्हीएसपी. अर्जात शिफारसपत्र लागतं, म्हणून शिक्षकांना मुदतीच्या आदल्या रात्री फोन करू नकोस. मार्कांपेक्षा 'काय करायचंय' हा परिच्छेद जास्त बघतात. 'मला लहानपणापासून ताऱ्यांचं आकर्षण' असं सुरू करणारे अर्ज ढिगानं येतात. आणि सोलापूरच्या एप्रिल-मेपासून सुटका होते, हा माझ्या मते मुख्य फायदा.

अक्कलकोट_रोड
मास्तर, केलं. वडिलांनी कारखान्यातून नाही, साखर पेठेतल्या ओळखीच्या दुकानातून पातळ पांढरं कापड आणलं. भिंत ३ मीटरवर. एका बाजूच्या पाचव्या ठिपक्यापासून दुसऱ्या बाजूच्या पाचव्यापर्यंत ७८ मिलिमीटर, म्हणजे दोन ठिपक्यांत ७.८. पॉइंटरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर धरली. धाग्याधाग्यातलं अंतर आलं ०.२५ मिलिमीटर, इंचाला १०१ ते १०२ धागे. वडिलांनी टेबलावर कापड पसरून काउंटिंग ग्लासनं मोजले, ९६. तीन ठिकाणी मोजले, ९६ च. ते म्हणतात तुझी बॅटरी खोटी.

निवृत्त_मास्तर
शाब्बास. आता घाईनं कुणाला खोटं ठरवू नका. पॉइंटरवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, ६३० ते ६८० असा पट्टा असेल. ६८० धरून बघा काय येतं. आणि कापड कसं धरलं होतंत?

अक्कलकोट_रोड
हो सर, ६३० ते ६८० च लिहिलंय. ६८० धरलं तर ९७ येतात, तरी ९६ नाही. कापड दोरीला वरून चिमटे लावून टांगलं होतं. पंख्यानं हलत होतं म्हणून खालच्या काठाला दोन कुलपं अडकवली.

निवृत्त_मास्तर
कुलपं! कापड खाली ओढलं की आडवं आकसतं, उभे धागे एकमेकांजवळ येतात आणि इंचाला धागे वाढतात. टेबलावर ते मोकळं होतं. म्हणजे तुम्ही आणि वडिलांनी एकच कापड दोन वेगळ्या अवस्थांत मोजलं. आता तरंगलांबी आधी पक्की करा, कॉलेजात ग्रेटिंग, म्हणजे सारख्या अंतरावर रेषा मारलेली पट्टी, आहे, १५,००० रेषा इंचाला असलेलं. मग वजनं बदलत जा. आडव्या ओळीतल्या ठिपक्यांचं अंतर आणि उभ्या ओळीतलं, दोन्ही लिहा. एक दिशा ताणली तर दुसरी किती आकसते याचं गुणोत्तर निघेल, त्याला पॉइसाँ गुणोत्तर म्हणतात हे एफ.वाय.ला शिकला आहात. कापडाच्या बाबतीत ते वजनाबरोबर बदलतं का, ते मला सांगा.

केगाव_माजी
@अक्कलकोट_रोड ईमेलमध्ये पेपरमधल्या आकृतीऐवजी हेच लिही. आलेख जोड.

अक्कलकोट_रोड
जोडतो दादा. जॅमच्या फॉर्मसाठी फोटो-सही स्कॅन करून ठेवली. ग्रेटिंग सोमवारी मिळतंय, लॅब असिस्टंट काका म्हणाले दुपारी दोननंतर ये. एक शंका, मधल्या ठिपक्यापासून दुसरा ठिपका पहिल्या आणि तिसऱ्यापेक्षा बराच पुसट दिसतो, दोन्ही बाजूंना. लेझर खराब आहे का?

निवृत्त_मास्तर
लेझर ठीक आहे. धाग्यांमधली फट आणि धाग्याची जाडी जवळपास सारखी असली की सम क्रमांकाचे ठिपके मावळतात. चौथाही बघा. मग वडिलांना विचारा सूत किती काउंटचं, म्हणजे किती बारीक, आहे.